नवव्या दिवसाचे एकशे अठरा

वैशाख सरत आला की कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर जागेवरून कुरबुरी सुरू होतात. कुणाचे पापड, कुणाच्या कुरडया, कुणाच्या सांडगी मिरच्या. त्यात एका कोपऱ्यात मी माझा तंबू उन्हात घालतो. एका माणसापुरता, हिरवा, सहा वर्षांपूर्वी फिनलंडमधल्या तळ्यांच्या मुलखात सतरा दिवस माझ्याबरोबर राहिलेला. पिशवीतून बाहेर ओढला की आधी त्याचा वास येतो. बुरशी, ओलं कुत्रं, आणि त्याच्याखाली कुठेतरी मासळी. दरवर्षी ऊन देतो, दरवर्षी वास तसाच. यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कुरडया उलटता उलटता म्हणाल्या, "अहो, तुमचं ते फिनलंड जरा पलीकडे सरकवा. आमच्या कुरडयांना परदेशाची हौस नाही."

मी सरकवलं. सरकवताना वास हाताला लागला, आणि मी तो हात सदऱ्याला पुसत राहिलो. वहिनींना वाटलं असेल, तंबूची किळस आली.

तो मोसम मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. तिथे जून म्हणजे उजेडाचं अजीर्ण. सूर्य रात्री अकराला कसाबसा बुडायचा आणि आपण डोळा मिटेपर्यंत पुन्हा वर. रस्त्याच्या दोन्ही कडांना जांभळ्या-गुलाबी तुऱ्यांची रानफुलं, त्यांच्यामागे पांढऱ्या सालीची भूर्जाची झाडं, त्यांच्यामागे पाइनचं काळं रान, आणि त्या रानाच्या फटीफटीतून तळी. एक संपलं की दुसरं. कुणीतरी आरसा फोडून तुकडे उचलायचे राहून गेले असावेत, तसा तो मुलूख. पहिले दोन दिवस मी प्रत्येक तळ्यापाशी थांबलो. तिसऱ्या दिवसापासून थांबलो की डास. डासांच्या जोडीला गोमाशा, घोड्याला चावाव्यात अशा. घामाने भिजलेली पाठ, तिच्यावर चिरडलेल्या माशा, नखांत काळं, दाढीत मलमाचा चिकटा. मी आयुष्यभर हात धुणारा माणूस. खडकीच्या कचेरीत माझ्या टेबलावर साबणाची स्वतंत्र डबी असायची आणि ती दुसऱ्या कुणी वापरलेली मला चालायची नाही. त्या मुलखात मला स्वतःच्या कातडीत राहणं नकोसं झालं होतं. लोकांसमोरच्या चित्रफितीत मात्र मी फक्त तळी दाखवतो.

या सफरीला मी 'एकल, स्वावलंबी सायकलयात्रा' म्हणतो. म्हणजे सोबत कुणी नाही, मागे सामानाची गाडी नाही, तंबू-चूल-अन्न सगळं आपल्याच सायकलवर. जगभरचे सायकलवाले याचा एवढाच अर्थ घेतात आणि वाटेत दिसेल त्या दुकानातून पाव घेऊन खातात. मी त्याचा आमच्या घरातला अर्थ घेतला. कुणाच्या दारी जायचं नाही, कुणाचं काही घ्यायचं नाही. निघताना मी आंबेमोहोर तांदूळ, भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी आणि तेलाची बाटली असं नऊ किलो बांधलं. माझी बायको सुनंदा दारात उभी राहून बघत होती.

"अहो, तिथे माणसं राहतात ना? ती काहीतरी खात असतील."

"मला कुणावर अवलंबून राहायचं नाहीये."

"बरं. भाजणी मी दळून आणली, ती तेवढी स्वावलंबनात धरा."

सहा वर्षं मी या सफरीवर व्याख्यानं देतो आहे. ज्येष्ठ नागरिक संघ, महाविद्यालयं, सायकलचे गट. पडद्यावर तळी, माझ्या हातात काठी, शेवटी शाल आणि नारळ. नारळ खोवले जातात. शाली कपाटात साठल्या आहेत. कपाट उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात जातो आणि मी दार लावून घेतो. पहिल्याच व्याख्यानात मागच्या रांगेतून एका गृहस्थांनी विचारलं होतं, "एकही किलोमीटर गाडीने नाही?" मी म्हणालो, "एकही नाही." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या पडायच्या आधी मला खरं सांगता आलं असतं. नंतर ते दरवर्षी जास्त जड होत गेलं.

यंदाच्या फेब्रुवारीत अशाच एका व्याख्यानानंतर शाहीन शेख माझ्याकडे आल्या. वय अठ्ठेचाळीस, लष्कर भागातल्या एका शाळेत गणित शिकवतात. वडिलांचं भवानी पेठेत भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, आता तिथे भाऊ दुरुस्ती करतो. "आमच्या घरात सायकल म्हणजे दुसऱ्याला द्यायची वस्तू," त्या म्हणाल्या. "तिच्यावर बसून आपण कुठे जावं, हे कुणाला सुचलंच नाही. मी जाणार आहे. तुमच्याच मार्गाने, एकटी."

मी त्यांना माझा तक्ता दिला. सतरा दिवस, सतरा ओळी: कुठून कुठे, किती किलोमीटर, पाणी कुठे, दुकान कुठे. आठवड्याने त्या वही घेऊन घरी आल्या.

"सर, एक शंका. तुमचा कुठलाच दिवस ऐंशीच्या वर नाही. नववा दिवस एकशे अठरा. तोही कच्चा रस्ता, आणि वारा समोरून, असं तुम्हीच लिहिलंय."

मला वाटलं, आता. स्वयंपाकघरात सुनंदा भांडी लावत होती, तीही थांबली.

"आठवा दिवस विश्रांतीचा होता ना," मी म्हणालो. "विश्रांतीनंतर पाय मोकळे होतात."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. 'विश्रांतीनंतर पाय मोकळे.' अक्षर शिक्षकांचं असतं तसं, सुटं आणि स्वच्छ. मग म्हणाल्या, "मग मी दहाव्या दिवसाच्या बोटीचं आरक्षण करून टाकते. ती आठवड्यातून दोनदाच आहे."

त्या गेल्यावर सुनंदा बाहेर आली. तिने चहाचा कप उचलला आणि आत गेली.

मार्चपासून आमच्या सायकलगटावर त्यांचे संदेश येऊ लागले. 'आज नव्वद.' 'आज खंबाटकी चढले.' 'आज सातारा, एकशे तेरा. सरांचे एकशे अठरा अजून लांब आहेत.' त्या शेवटच्या संदेशाखाली मी अंगठा वर केलेलं चित्र टाकलं. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त किळस कशाची येत असेल, तर त्या अंगठ्याची.

आता नववा दिवस. त्यासाठी सातव्यापासून सांगायला हवं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी एका तळ्याकाठी मी भात केला. थोडा उरला. उरलेल्या भाताचं काय करायचं हे आपल्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. सकाळी फोडणीचा भात. डबा लावून सायकलच्या काळ्या पिशवीत ठेवला आणि झोपलो. रात्रभर भात गारठ्यात राहील, ही पुण्यातल्या रात्रीची समजूत. तिथे रात्रच नव्हती. अकरापर्यंत त्या काळ्या पिशवीवर ऊन होतं आणि साडेतीनपासून पुन्हा. सकाळी डबा उघडला तेव्हा भाताला किंचित तार सुटली होती. वास आला. मला तो कळला, हेही सांगून टाकतो. पण अन्न टाकायचं नाही, आणि मागे चार किलोमीटरवर दिसलेल्या दुकानात जायचं नाही. मी त्यावर कच्चं तेल-तिखट घातलं आणि डब्याला बोट लावून पुसून खाल्लं.

बाराच्या सुमाराला पहिली उलटी झाली. मग दुसरी. मग सायकलवरून उतरायलाही वेळ मिळाला नाही. मी रस्त्याच्या कडेच्या शेवाळात पडलो होतो, अंगावर सायकल, आणि सायकलची घट्ट चड्डी भरलेली. माशांना बातमी लागायला वेळ लागत नाही. त्या वाऱ्यात मला माझा स्वतःचा वास येत होता, आणि मी प्रार्थना करत होतो की कुणी येऊ नये. मरण आलं तरी चालेल, माणूस नको. इतका मी स्वच्छ माणूस.

एक जुनी निळी व्हॅन थांबली. तिच्यातून सत्तरी ओलांडलेला, लाल तोंडाचा, उंच म्हातारा उतरला. त्याचं नाव पेक्का. त्याने माझ्याकडे पाहिलं, नाकाशी हात नेला नाही. आधी सायकल बाजूला केली, मग मला काखेत हात घालून उठवलं आणि व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसवलं. सीटवर काहीही न अंथरता. तशा अवस्थेतही मला ते दिसलं, कारण मी असतो तर आधी वर्तमानपत्र शोधलं असतं.

त्याचं घर तळ्याच्या काठाला होतं, आणि पाण्यालगत लाकडाची एक खोली. त्यांच्याकडे वाफेने आंघोळ करायची असते, तिची. आजारी माणसाला सोसेल इतपतच त्याने ती ऊबदार केली. मला बाकावर बसवलं. मी हाताने खुणा करून सांगत होतो, मी करतो, मी करतो. तो म्हणाला, "गुड, गुड," आणि लाकडी बादलीतून डावाने पाणी घेऊन त्याने मला धुतलं. पाठ, मांड्या, सगळं. मुलाला धुतात तसंही नाही, कारण त्यात लाड असतात. भांडं घासावं तसं, नीट, घाई न करता. आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी सांगत राहिला. हातांनी लांबी दाखवत होता त्यावरून मासा असावा. मग माझी चड्डी त्याने बाहेर नेऊन तीन पाण्यांतून काढली आणि दोरीवर टाकली. मी खिडकीतून बघत होतो. मला रडू यायला हवं होतं. मला शरमेपेक्षाही जास्त राग येत होता, त्याचा. याने पाहिलं, याचा.

मला धुताना त्याला किळस आली नाही, आणि मला माझ्या वडिलांची आली होती. सफरीच्या दोन वर्षं आधी ते अंथरुणाला खिळले होते, शेवटचे तीन महिने तर कूसही बदलता येत नव्हती. सकाळची स्वच्छता सुनंदा करायची. मी दारात नाकाला रुमाल लावून उभा राहायचो आणि विचारायचो, "झालं का?" एकदा वडील तिला म्हणाले होते, "त्याला सांग, कचेरीला उशीर होईल." मी लगेच निघालो होतो. व्याख्यानात मात्र मी म्हणतो, स्वावलंबनाचे धडे मला वडिलांनी दिले.

पेक्काने मला दोन रात्री ठेवून घेतलं. जांभळ्या-निळ्या रंगाची, कुठल्याशा रानबोरांची पेज पाजली; तिने पोट थांबलं. माझी चड्डी वाळेना, म्हणून स्वतःची तपकिरी विजार दिली, कमरेला सुतळी बांधून. नवव्या दिवशी सायकल व्हॅनमध्ये चढवून त्याने मला पुढच्या गावी नेऊन सोडलं. वाटेत मी खिडकीतून बघत होतो. वाळूचा, खडीचा, चढउतारांचा रस्ता. साठेक किलोमीटरमध्ये घर एकच. फोनला एक रेघही नाही. गाव आलं तेव्हा व्हॅनच्या मीटरवरच्या आकड्यातून मी निघतानाचा आकडा वजा केला: एकशे अठरा. वहीत लिहिला. तेव्हा खोटं बोलायचं डोक्यात नव्हतं. वाटलं, पुढे खुलासा लिहू. त्या ओळीत खुलाशाला जागाच नव्हती.

निरोप घेताना त्याने हात पुढे केला. माशाचा वास येणारा, भेगाळलेला हात. मी तो हातात घेतला. व्हॅन वळणाआड गेली आणि मी पिशवीतून ओला कागद काढून हात पुसला. बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. ज्या हाताने मला धुतलं, तो मी पुसून टाकला. त्याचं आडनाव मला माहीत नाही. त्याच्या फाटकावरच्या टपालपेटीवर लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. एक पत्रही टाकलं नाही. व्याख्यानात त्याच्या घरासमोरच्या, होडी लावायच्या धक्क्याचं छायाचित्र येतं, लाकडी फळ्या आणि पलीकडे शांत पाणी. मी म्हणतो, "इथे मी एक दिवस विसावलो." सभागृहातून हुंकार येतो.

परत आल्यावर सुनंदाने पिशव्या रिकाम्या केल्या, आणि ती विजार दोन बोटांत धरून बाहेर आली.

"ही कुणाची?"

"घेतली तिथे. विकत."

"तुम्ही? विकत? आणि जुनी?" एवढंच. विजार तिने धुतली, घडी घातली, आणि ती आजही आमच्या कपाटात शालींच्या खाली आहे. माझ्या एकाही व्याख्यानाला सुनंदा आलेली नाही. मी कारण विचारलं नाही.

यंदा गच्चीवरून तंबू खाली आणला तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "शाहीनताई शुक्रवारी निघतायत."

"माहितीये."

"त्या एकट्या जाणारेत."

"माहितीये गं."

"तुम्हाला सगळं माहीत असतं," ती म्हणाली. "जा, सांगून या. शाली कुणी परत मागायला येत नाही."

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. भवानी पेठेत, त्यांच्या भावाच्या दुकानात. भाऊ गिऱ्हाइकाची चाकं सरळ करत होता. आतल्या बाजूला शाहीन शेख जमिनीवर बसून खोक्यात घालण्यासाठी सायकल खोलत होत्या. एक पाय समोर लांब सोडलेला, सलवारीवरून गुडघ्याला पट्टा. "या सर, पेडल निघत नाहीये, जरा जोर लावा." मी पाना हातात घेतला नाही.

"मॅडम, नववा दिवस खरा नाही."

त्यांनी मान वर केली नाही. "म्हणजे किती? शंभर?"

"शून्य."

मग मान वर केली. "मग एकशे अठरा कुणी केले?"

"एका म्हाताऱ्याच्या व्हॅनने. मी आत बसलो होतो."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, पाय मोकळे होतात."

"हो."

त्यांनी पाना खाली ठेवला. "हा गुडघा बघताय? साताऱ्याच्या आदल्या रविवारीच दुखायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे चालवा. मी ऐकलं नाही. मला वाटलं, पंचावन्न वर्षांचा माणूस कच्च्या रस्त्यावर एकशे अठरा करतो आणि मला डांबरी रस्त्यावर जमत नाही, म्हणजे खोट माझ्यात आहे. तीन महिने मी स्वतःला नावं ठेवली, सर. तुमच्यापायी."

चाकं सरळ करणाऱ्या भावाचा हात थांबला होता. मी सगळं सांगितलं. भात, शेवाळ, चड्डी, म्हातारा, धुतलेली पाठ, पुसलेला हात. दुकानात, दिवसाढवळ्या, गिऱ्हाइकासमोर. मला वाटत होतं, सांगून झालं की हलकं वाटेल. वाटलं नाही.

त्यांनी नकाशा जमिनीवर उलगडला. मग प्रश्न सुरू झाले, शाळेत विचारतात तसे.

"वाळू किती?"

"चाक रुतेल इतकी. निम्मा रस्ता तरी."

"पाणी?"

"तळी आहेत. उकळून प्यावं लागेल."

"घरं?"

"साठ किलोमीटरमध्ये एक."

"त्या माणसाचं घर?"

मी नकाशावर बोट ठेवलं. वळण माझ्या लक्षात होतं. त्यांनी तिथे पेन्सिलीने छोटा चौकोन काढला. मग वहीतली शेवटची पानं उघडली. राजधानीत हिंडण्यासाठी ठेवलेले चार दिवस त्यांनी सरळ रेघेने खोडले, आणि त्यांतले दोन एकशे अठरांमध्ये घातले: एका दिवसाचे तीन झाले. बोट पुढची घ्यावी लागणार होती, उरलेले दोन तिची वाट बघण्यात जाणार होते. "ज्यासाठी भावाच्या मुलींना इतकी वर्णनं ऐकवली, ते शहर गेलं," त्या म्हणाल्या, मला नव्हे, वहीला.

मग माझा तक्ता समोर घेतला.

"आता एकदाच सांगा. आणखी कुठे कुठे?"

"कुठे नाही. बाकी सगळं खरं आहे."

"पहिला दिवस?"

"खरा."

त्यांनी त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"दुसरा?"

"खरा आहे हो."

प्रश्नचिन्ह. तिसरा, चौथा, पाचवा. पाचव्या दिवशी मी दिवसभर पावसात एकोणऐंशी किलोमीटर मारले होते, हँडलवरून बोटं सोडवावी लागली होती. तेही मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चिन्ह काढलं. सातव्याला बत्तीस, तेही मोजून. चिन्ह. मग दहावी ओळ, अकरावी, थेट सतरावीपर्यंत. मी खरोखर पायांनी केलेले दिवस, एकेक करून, त्या स्वच्छ अक्षरात संशयित झाले. मी अडवू शकलो नाही. अडवणार कशाच्या जोरावर?

नवव्या दिवसाची ओळ त्यांनी मुद्दाम मागे ठेवली होती. तिथला एकशे अठराचा आकडा खोडून त्यांनी वर लिहिलं: 'शून्य. पेक्काची व्हॅन.' आणि शाळेच्या वहीत करतात तशी तिच्यापुढे बरोबरची खूण केली.

पूर्ण तक्त्यात तेवढी एकच.